आनंदानं खणणाऱ्या बायका

दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या घराला रस्त्याच्या बाजूची खिडकी एकच होती आणि तिच्यात एसी बसवलेला होता. त्यामुळे बाहेर काय चाललंय ते आम्हाला डोळ्यांनी नाही, कानांनी कळायचं. खालच्या कॅफेटेरियात करक चहाच्या पातेल्यावर डाव आपटू लागला की दुपार कलली. जिन्यात जड सेफ्टी बुटांचा धडधडाट झाला की समोरच्या बॅचलर खोल्यांतली माणसं कामावरून परतली. मशिदीची बांग, बसच्या दाराचा फुस्स आवाज, कोणीतरी कोणालातरी ‘यल्ला, यल्ला’ म्हणून घाई करतंय, आणि या सगळ्यावर आमच्या म्हाताऱ्या एसीचं कण्हणं. आई भाकऱ्या भाजायला बसली की तो एसी बंद करायची. गार वाऱ्यानं भाकरी वातड होते असं तिचं ठाम मत. मग घाम पुसत, पहिली वाफाळती भाकरी कोणाला यावरून भांडत आम्ही जेवायचो. शुक्रवारी शेरी नावाचा इथला मासा नारळाच्या रसात असायचा. आई त्याला ‘इथला गरीब मासा’ म्हणायची, कारण तो बाणकोटच्या खाडीतला नव्हता.

बाबा इंडस्ट्रियल एरियातल्या एका छापखान्यात मशीनवर होते. कंपनीच्या व्हॅनमधून उतरून ते घरात शिरले की आधी शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा, मग बाबा. कापणीतून उरलेल्या कागदाच्या लांब पट्ट्या ते घरी आणायचे. त्या पट्ट्यांवर आईनं मला मराठी लिहायला शिकवलं. शाळा इंग्रजी, गल्लीत हिंदी, दुकानात मोडकं अरबी. मराठी फक्त या दोन खोल्यांत. आई गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाला ती माफी देत नसे. ‘बोलताना कोकणी बोल, लिवताना नीट लिव,’ एवढंच तिचं व्याकरण. आज माझी मुलगी माझं मराठी बोलणं सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तेव्हा मला त्या पट्ट्या आठवतात, आणि आपण तिच्यासाठी तेवढीही मेहनत घेतली नाही याचं वाईट वाटतं. पण ते असो. मला सांगायचंय ते वंजिरूचं.

आमचं विद्यापीठ अल गराफ्याच्या पुढे होतं. नजम्याहून बस बदलत जावं लागायचं, आणि व्हिलांच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर आपण दुसऱ्याच देशात आलोय असं वाटायचं. मला फी-माफी मिळाली होती. विद्यार्थ्यांचं एक मासिक निघायचं, इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. मी त्यात मजकूर तपासायचे. संपादक होता मुज्तबा. तो सुदानी, पण जन्मला दोह्यातच. खार्तूम त्यानं सुट्टीत पाहिलेलं. आणि वंजिरू केनियाची, शिष्यवृत्तीवर आलेली, हॉस्टेलात राहणारी. उंच, आवाजानं जाड, हसली की अख्खं कँटीन वळून बघेल अशी. गुरुवारी आफ्रिकेतली पोरं कँटीनच्या मागच्या टेबलांवर जमायची. सुदान, इरिट्रिया, नायजेरिया, माली, केनिया, आणि त्यांत मी एकटी कोकणातली. तिथं वाद चालायचे. एकाच्या देशाची नोट अजून दुसऱ्या खंडातल्या राजधानीच्या तालावर चालते म्हणून, एकाच्या देवाच्या मूर्ती परक्या म्युझियममध्ये काचेआड आहेत म्हणून. मला आधी वाटलं, हे सगळं जुनं झालं, झेंडे कधीच बदलले. मुज्तबा म्हणाला, ‘आपले देश स्वतंत्र झाले, शमीम. आपले फोटो अजून झालेले नाहीत.’ तेव्हा मला ते वाक्य नुसतं चटकदार वाटलं होतं.

वंजिरूला घरी जेवायला आणते म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला.

‘ती हबशीण?’

‘तिचं नाव वंजिरू आहे.’

‘मी काय वाईट बोललंय? बिल्डिंगमधल्या बाया बघतील. विचारतील.’

‘विचारू देत. काय विचारणार? तिला तोंड आहे, पोट आहे, तुझी भाकरी खाईल आणि जाईल.’

मी इतकी तडकले त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात मी आणि वंजिरू अल नस्रमध्ये एका कापडाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार आपल्याच मुलखाचा. मी जिथं जाईन तिथं तो ‘या ताई’ म्हणून हसत होता, आणि वंजिरू जिथं जाईल तिथं त्याचा माणूस तिच्या हातांवर नजर ठेवून मागं मागं चालत होता. मी त्याला मराठीत झापलं. तो ओशाळला, पण त्याच्या माणसाला त्यानं थांबवलं नाही. बाहेर आल्यावर मी रस्ताभर त्याला शिव्या घालत होते आणि वंजिरू माझी समजूत काढत होती. ‘आमच्या गावातले दुकानदार तुमचेच होते,’ ती म्हणाली. ‘मला सवय आहे.’ तिला सवय आहे याचाच मला जास्त संताप आला. आपण स्वतः कोणाच्या तरी टाचेखाली राहिलो म्हणून आपल्या पायात टाच नसते असं थोडंच आहे! हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या दालनात ते प्रदर्शन लागायचं ठरलं. एका श्रीमंत युरोपी संग्राहकाकडचे पूर्व आफ्रिकेचे जुने फोटो. मासिकाच्या लोकांना आधी बघायला बोलावलं. आम्ही तिघं गेलो. भिंती पांढऱ्या, दिवे मंद, चौकटी सुंदर, आणि फोटोही सुंदर, हे कबूल करायला हवं. डोंगर, चहाचे मळे, टोपीवाले साहेब, मेलेला सिंह, हमाल. साहेबांना नावं होती. सिंहाची लांबी लिहिली होती. हमाल नुसते हमाल. वंजिरू एका फोटोपाशी थांबली ती हललीच नाही. डोक्याला फडकी बांधलेल्या बायका एका लांब चरात उतरून फावड्यांनी माती काढताहेत. एकीचे दात दिसताहेत. खाली लिहिलं होतं: ‘नव्या आदर्श गावातल्या स्त्रिया आनंदानं श्रमदान करताना.’

‘श्रमदान?’ वंजिरू म्हणाली. मग पुन्हा, हळू, ‘आनंदानं?’

तिच्या आजीला इंग्रजांच्या काळात असल्याच एका गावात कोंबलं होतं. साहेबाविरुद्ध जंगलात लढणाऱ्या पोरांना गावातून भाकरतुकडा मिळू नये, म्हणून वस्त्या जाळून माणसं काटेरी तारेच्या आत आणलेली. हे ती लहानपणापासून अर्धंमुर्धं ऐकत आली होती. आजी सलग कधी बोलली नव्हती, आणि कोणी विचारलंही नव्हतं. ‘आता विचारते,’ ती म्हणाली. मुज्तबा म्हणाला, ‘विचार आणि लिही. याच अंकात.’

हॉस्टेलच्या फोनवर नीट बोलता येत नसे, म्हणून शुक्रवारी ती आमच्याकडे आली. आईनं शेवटी हो म्हटलं होतं, पण ओठ आवळूनच. जेवण झालं. वंजिरूनं तीन भाकऱ्या खाल्ल्या, माशाचं डोकं कुरतडून चोखलं, हे बघून आई जरा सैल झाली. आमच्याकडे माशाचं डोकं सोडणाऱ्या पाहुण्याला ती माणसात धरत नसे. मग दस्तरखान गोळा करून मधोमध मोबाइल ठेवला, आवाज मोठा केला, एसी बंद केला. पलीकडे कोंबडी ओरडली, कोणीतरी खाकरलं, आणि आजीचा आवाज आला. वंजिरू तिला शोशो म्हणायची, त्यांच्या किकुयू भाषेत आजी. शोशो बोले, वंजिरू थांबवून इंग्रजीत सांगे, मी लिहून घेई. आई भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळानं तिनं मला कोपरानं ढोसलं. ‘काय बोलतंय ती? मला पण सांग.’ मग मी आईसाठी मराठीत सांगू लागले. अशी ती गोष्ट किकुयूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आमच्या बोलीत येत राहिली.

शोशो तेव्हा लग्नाच्या वयाची पोर होती. पहाटे शिट्टी वाजायची आणि सगळ्या बायकांना चरावर नेत. चर गावाभोवतीच होता, माणसाच्या उंचीहून खोल. जी थांबेल तिच्या पाठीत काठी. पोर पाठीला बांधून खणायचं. पोर रडलं तरी थांबायचं नाही. एकीचं पाठीवरच गेलं, आणि तिला ते संध्याकाळी सोडताना कळलं. इथवर वंजिरूचा आवाज स्थिर होता. मग शोशोनं काहीतरी सांगितलं आणि वंजिरू भाषांतर करायचीच थांबली. फोनमधून ‘हॅलो, हॅलो’ येत राहिलं.

‘काय म्हणाली?’ मी विचारलं.

‘ती म्हणते, चर खणून झाल्यावर त्याच्या तळाला बांबूचे सुळे रोवायचे होते. टोकं काढून. रात्री जंगलातून कोणी भाकरीसाठी आलं तर त्यावर पडावं म्हणून.’ वंजिरूनं एक श्वास घेतला. ‘ती म्हणते, ते सुळे आम्हीच तासले. आमच्याच भावांसाठी.’

मी ते आईला सांगितलं. ती उठली, वंजिरूच्या मागं जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, तापलेल्या पोराच्या फिरवतात तसा. मग फोनकडे वाकून, जणू शोशोला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, ‘आजी, तुझी नात हितं जेवली हां. पोटभर जेवली.’ मी ते इंग्रजीत केलं, वंजिरूनं तिकडे सांगितलं. पलीकडून शोशो हसली. त्या दिवसानंतर आमच्या घरात तो ‘हबशीण’ शब्द कोणी उच्चारला नाही. शेजारच्या बाईनं एकदा उच्चारला, तर आईनं तिला जिन्यातच सुनावलं की, ‘आमच्या खाडीपल्याड त्यांचंच राज्य होतं, जंजिऱ्याला. तुझ्या-माझ्या आज्यापणज्या त्यांना सलाम करीत. काय समजलंस?’

लेख वंजिरूनं एका बैठकीत लिहिला. मी तपासला, पण तपासायचं फारसं काही नव्हतंच. शोशोचं बोलणं, फोटोखालची ओळ, आणि शेवटी एकच मागणी: ओळ बदला. फोटो काढून टाका असंही तिनं म्हटलं नव्हतं. मासिकावर एक प्राध्यापक बाई सल्लागार होत्या. मृदू बोलायच्या, सगळ्यांना वाढदिवसाला केक आणायच्या. त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं.

‘लेख फार हृद्य आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण ही एका बाईची आठवण आहे. पत्रकारितेत दुसरा आधार लागतो.’

वंजिरू म्हणाली, ‘फोटोखालच्या ओळीला दुसरा आधार काय आहे?’

‘ते ऐतिहासिक साहित्य आहे.’

‘माझी आजी पण ऐतिहासिकच आहे.’

बाई हसल्या. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. लहान मूल गोड बोललं की मोठी माणसं हसतात, तसं ते हसणं होतं. ‘संग्राहक आपले पाहुणे आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘समतोल हवा.’ समतोल! मी त्या दिवसापासून या शब्दाची धास्ती घेतली आहे. एका पारड्यात चरात उभी केलेली बाई, दुसऱ्या पारड्यात काठावर कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस, आणि काटा मधोमध यायला हवा म्हणे. अंक आला तेव्हा त्यात लेख नव्हता. त्या जागी संग्राहकाची मुलाखत होती, त्यांना आफ्रिकेबद्दल वाटणाऱ्या प्रेमाविषयी. संपादक म्हणून मुज्तबाचं नाव तसंच छापलेलं होतं. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. तो शांत पोरगा. त्यानं अंकाचा गठ्ठा उचलला आणि बाईंच्या दारात ठेवून आला. ‘खलास,’ एवढंच बोलला.

आम्ही ठरवलं, चार पानं स्वतः छापायची. छापखाना म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी बाबा मोरीत उकिडवे बसून साबणचुरा चोळून हातांची शाई काढत होते, तेव्हा मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

‘परवान्याशिवाय आमच्याकडे कागद मशीनवर चढत नाही, शमे. लग्नाच्या पत्रिकेला पण मुदीरसाहेब दोनदा विचारतात. मला गावी पाठवायचंय का तुला?’

‘मग काय गप्प बसायचं? बाबा, ती आजी खोटं सांगते का?’

‘कोण म्हणतंय खोटं?’ ते चिडले. बाबा क्वचित चिडायचे. ‘मी त्या फोनच्या वेळी आतल्या खोलीत होतो. झोपलो नव्हतो. सगळं ऐकलंय.’ ते पुन्हा नखं घासू लागले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, ‘छापायला परवाना लागतो. तोंडानं बोलायला कोणी अजून मागितलेला नाय.’ आणि लगेच दचकून, ‘हे मी बोललो असं कुठं सांगू नको.’

मी गुरुवारच्या टेबलावर ते सांगितलं, कोण बोललं ते न सांगता. मुज्तबा टेबलावर थाप मारून उठला. न छापलेलं वर्तमानपत्र काढायचं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आम्ही सगळ्यांनी जायचं, एकेका फोटोशेजारी उभं राहायचं, आणि जो कोणी फोटो बघायला थांबेल त्याला त्या फोटोची बातमी सांगायची. घोषणा नाही, फलक नाही, आवाज चढवायचा नाही. नुसतं सांगायचं. प्रत्येकानं घरी फोन केले, चुलत्यांना, आज्यांना, जुन्या शिक्षकांना. मालीच्या पोराच्या वाट्याला शिपायांचा फोटो आला, म्हणून त्यानं शिपाई म्हणून नेलेल्या आपल्या पणजोबांबद्दल विचारलं. माझ्या वाट्याला मी मुद्दाम एक फोटो मागून घेतला. रेल्वेचे रूळ, ओझ्याखाली वाकलेली काळी माणसं, आणि हातात छडी घेऊन उभा एक हिंदुस्थानी मुकादम. पागोटं, मिशा. तो कुठला कोणास ठाऊक. आमच्या गावच्या जहाजी माणसांपैकीही असू शकला असता. साहेबानं आपल्याला पिळलं हे सांगायला मला खूप जण सापडले असते. छडी आपल्या हातात कशी आली हे सांगायला त्या दालनात मीच होते.

उद्घाटन संध्याकाळी होतं. मोठी माणसं, अत्तरं, छोट्या पेल्यांतली कॉफी, खजूर. आम्ही नीट कपडे करून गेलो, आपापल्या जागी उभे राहिलो. सुरुवातीला लोकांना वाटलं, विद्यार्थी वाटाडे ठेवलेत, छान कल्पना! ते थांबायचे, ऐकू लागायचे आणि त्यांचे चेहरे हळूहळू बदलायचे. काही जण घाईनं पुढच्या फोटोकडे सरकले, तर तिथं दुसरा उभा. एक वयस्क कतारी बाई वंजिरूपाशी पुष्कळ वेळ थांबल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘त्या मुलाचं नाव काय होतं? पाठीवर गेलं त्याचं?’ वंजिरू म्हणाली, ‘माझ्या आजीला विचारते.’ त्या म्हणाल्या, ‘विचार. मी दुआ करेन.’

आणि मग मला बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून, दोनदा बस बदलून आलेले, दाराजवळच्या खांबाशी अंग चोरून उभे. मला त्यांनी ओळख दाखवली नाही. मी माझ्या मुकादमाबद्दल बोलत राहिले.

संग्राहक वंजिरूपाशी आले तेव्हा सगळे थांबले. माणूस सभ्य होता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘फार वाईट वाटलं. पण ओळ माझी नाही. फोटोच्या पाठीमागे जे लिहिलं होतं तेच आम्ही खाली दिलं.’

‘पाठीमागे लिहिणारा चरात उतरला नव्हता,’ वंजिरू म्हणाली.

‘आठवणी बदलतात, बाळ. तुझी आजी म्हातारी आहे.’

‘ओळ पण म्हातारी आहे. तिला मात्र तुम्ही चौकट केलीत.’

ती ओरडली नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण नंतर ‘आरडाओरडा’ असा शब्द वापरला गेला. तिचा आवाज मुळातच जाड होता, एवढंच. सल्लागार बाई लगबगीनं आल्या, त्यांच्यामागे दोन सुरक्षारक्षक. ते नेपाळी होते, बिचारे ओशाळलेले. ‘चला मॅडम, बाहेर,’ असं ते हळूच म्हणत होते. मी माझी जागा सोडून वंजिरूकडे धावले. तेवढ्यात खांबाजवळून बाबा निघाले आणि भरल्या दालनातून सरळ चालत आमच्यापाशी आले. मुदीरची हाक आली की चहा तसाच टाकून धावणारे ते माझे बाबा. एका हातानं त्यांनी माझं मनगट धरलं, दुसऱ्यानं वंजिरूचं, आणि त्यांच्या छापखान्यातल्या हिंदीत म्हणाले, ‘हात मत लगाओ. दोनों मेरी बेटी है. मैं ले के जाता हूँ.’

बसमध्ये आम्हा दोघींना बसवून ते दाराकडे बघत उभे राहिले. पुढे कित्येक दिवस फोन वाजला की त्यांचा घास हातात थांबायचा. छापखान्यात कोणी काही विचारलं नाही, पण ती भीती त्यांनी निवृत्तीपर्यंत बाळगली. बाबा गेल्यावर मला त्यांचं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्या दालनात माझ्या मनगटाला लागलेला तो खरखरीत, घामेजलेला पंजा.

चौकशी झाली. समितीसमोर आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं: ठरवलं आम्ही सगळ्यांनी, बोललो आम्ही सगळे, शिक्षा करायची तर सगळ्यांना करा. मुज्तबाला ताकीद मिळाली, मला ताकीद मिळाली, बाकीच्यांना समज. वंजिरूची शिष्यवृत्ती बंद झाली. कारण दिलं ‘पाहुण्याशी असभ्य वर्तन’. तिची शिष्यवृत्ती म्हणजे तिचा व्हिसा, तिची खोली, तिचं जेवण. दोह्यात दोरी अशी असते की एक टोक ओढलं की माणूस अख्खा उचकटतो, आणि ओढणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. ज्यांच्या भाषेत न्याय हा शब्द रोज येत होता त्यांनी हे केलं, आणि ते करून ते केक खायला गेले. आम्ही सह्या गोळा केल्या, दारं ठोठावली, मी आणि मुज्तबा मासिकातून बाहेर पडलो. काही झालं नाही. मला कोणी म्हणालं, वेळ जाईल तसा राग ओसरतो. माझा ओसरलेला नाही. मी त्याला जपून ठेवलेलं नाही, तो आपला तसाच आहे.

प्रदर्शन मात्र चालू राहिलं. वंजिरू जायच्या आधी आम्ही एकदा गुपचूप बघून आलो. ओळ बदललेली नव्हती. फोटोच काढून टाकला होता. पांढऱ्या भिंतीवर खिळा, आणि त्या खिळ्यावर वरचा दिवा तसाच पडलेला. खरं लिहिण्यापेक्षा त्यांना भिंत रिकामी ठेवणं परवडलं. वंजिरू बघत राहिली आणि म्हणाली, ‘आता त्या बायका हसत पण नाहीत.’

विमानतळावर आईनं तिला तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा आणि वाफवलेलं सांदण बांधून दिलं. वंजिरूनं विचारलं, शोशोला सांदण चावता येईल का. आई म्हणाली, ‘दात नसले तरी चावता येईल. माझ्या हातचं आहे.’ दोघी एकमेकींच्या भाषेतलं अवाक्षर न कळता रडल्या. वंजिरूनं नंतर नैरोबीत शिक्षण पुरं केलं आणि एका छोट्या रेडिओ केंद्रावर लागली. शोशोच्या गावातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना बोलतं करून तिनं त्यांच्याच भाषेत एक मालिका केली. पाठीवर गेलेल्या त्या मुलाचं नाव शोशोला आठवत नव्हतं, पण मालिका ऐकून शेजारच्या डोंगरावरच्या एका बाईनं कळवलं: त्याचं नाव ठेवायचंच राहिलं होतं. त्या कतारी बाईंना हे कळवायला हवं होतं. मी पुष्कळ शोधलं, त्या सापडल्या नाहीत.

मागच्या वर्षी विद्यापीठानं आपल्या वाटचालीची एक देखणी पुस्तिका काढली आणि माजी विद्यार्थिनी म्हणून मलाही घरपोच पाठवली. जेवणाच्या टेबलावर मी ती चाळत होते. मधल्या पानावर आमचं ते दालन होतं. मंद दिवे, चौकटी, आणि फोटोशेजारी उभी उंच वंजिरू, समोरच्या माणसांना काहीतरी सांगताना. तिचे दात दिसत होते. ती तेव्हा त्या मुलाबद्दल सांगत असणार, कारण समोरच्या बाईनं तोंडावर हात धरला होता. खाली लिहिलं होतं: ‘आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा आनंद लुटताना आपल्या विद्यार्थिनी.’

मी खुर्चीवरून उठले ते माझ्या लेकीनं बघितलं. ‘What happened, Mumma?’ तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, मराठीत, पहिल्यापासून. ती मधे एकदाही फोनकडे गेली नाही. मग मी विद्यापीठाला लिहिलं. सूचनेबद्दल आभारी आहोत, पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू, असं उत्तर आलं. मी वंजिरूला फोन लावला आणि ओळ वाचून दाखवली. ती हसली, तेच कँटीन वळवणारं हसणं.

‘तू लिही, शमीम,’ ती म्हणाली. ‘इंग्रजीत नको. इंग्रजीत लिहिलंस की कोणीतरी समतोल करायला येईल. तुझ्या आईच्या भाषेत लिही. आणि माझ्या फोटोखाली काय लिहायचं ते आत्ताच ऐकून घे.’

‘सांग.’

‘केनियाची वंजिरू, शोशोची नात. ती इथं आनंद लुटत नव्हती. ती बातमी देत होती.’